जाणाऱ्या मेलची नक्कल

मी बोलायला फटकळ आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. वैरागच्या बाजारपेठेत वाढलेली बाई गोड गोड कुठून बोलणार? तिथं भाजीवालीसुद्धा आधी भांडते आणि मग वजन करते. पण कामात मला कुणी बोट दाखवलेलं चालत नाही, आणि दाखवलंच तर मी ऐकून घेत नाही.

आमचा कारखाना टॉवेलचा. इथं विणलेला माल परदेशातल्या हॉटेलांत जातो. कारखान्यातली कॉम्प्युटरची सगळी जबाबदारी माझ्याकडं. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि एक एसी. एसी माझ्यासाठी नाही, कपाटातल्या सर्व्हरसाठी आहे. तरी एप्रिल-मेमध्ये सगळं ऑफिस काही ना काही निमित्त काढून माझ्या खोलीत येऊन बसायचं. प्रिंटर चालत नाही म्हणून आलेला माणूस अर्धा तास गार हवा खाऊन जायचा. मी म्हणायची, "प्रिंटर हितं नाही, तुमच्या टेबलावर आहे. उठा."

एकदा एक मार्केटिंगचा माणूस नोकरी सोडून गेला आणि जाताना स्वतःच्या मशीनवरचे सगळे मेल पुसून गेला. आमच्याकडून त्यानं कुणाला काय कबूल केलं होतं, याचा पत्ता नाही. गिऱ्हाइकं फोन करून विचारायची आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. मालक वैतागले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक तसे शांत. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद. त्या दिवशी ते फारच हळू बोलत होते, म्हणून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"हितनं बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलची नक्कल राहिली पाहिजे," ते म्हणाले. "कुणालाच पुसता येऊ नये. मलाबी नाही."

मी त्यांना सांगितलं, ते काम माणसांच्या मशीनवर करून उपयोग नाही, सर्व्हरवरच करायला पाहिजे. कोणाचाही मेल निघाला, अगदी ऑफिसातल्या ऑफिसात जरी, की आधी आमच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून पुढं जातो. पोस्टमननं पत्र हातात घेतल्या घेतल्या त्याची एक नक्कल काढून ठेवावी आणि मग सायकलवर टांग टाकावी, तसं. लिहिणाऱ्यानं नंतर आपल्या मशीनवर काहीही करावं, नक्कल जागची हलत नाही. ती उघडायला दोन पासवर्ड लागतील, एक मालकांचा आणि एक माझा. म्हणजे मला एकटीलाही वाचता येणार नाही. मालकांना ते पटलं.

तिथं त्यांचा मुलगा बसला होता. आम्ही त्याला धाकटे मालक म्हणतो. पुण्याला शिकून आलेला, हुशार, पण प्रत्येक गोष्टीची घाई. तो म्हणाला, "स्टाफला काही सांगू नका. म्हणजे कोण काय लिहितं ते कळेल तरी."

"सांगणार नसाल तर मी बसवणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरं माणूस बघा. मला ह्या लोकांबरोबर बसून जेवायचं असतं, सर."

धाकटे मालक लालबुंद झाले. मालक मात्र गालात हसले आणि म्हणाले, "लावा नोटीस." मग मी पाण्याच्या कूलरशेजारी नोटीस लावली. तिथं प्रत्येक माणूस दिवसातून दहादा जातो, वाचलं नाही म्हणायला जागा नको.

आणि काय सांगू! आठवडाभर ऑफिसात सुतक पडल्यासारखं झालं. तोपर्यंत लोक ऑफिसच्या मेलवरून काय काय पाठवत होते, देवालाच माहीत. कुणी मेव्हण्याला पंचवीस फोटो, कुणी पोरीचं स्थळ, एक जण तर दुसऱ्या कंपनीला नोकरीचा अर्ज. तो अर्जवाला येऊन मला हळूच विचारून गेला, "मॅडम, नोटिशीच्या आधीचं पण राहतं का हो?" मी म्हणाले, "नाही राहत. जा, पाणी पी." हळूहळू लोक विसरले. माणसं कशालाही सरावतात.

अण्णा मात्र विसरले नाहीत.

अण्णा म्हणजे आमच्या एक्स्पोर्टचा कणा. परदेशी गिऱ्हाइकांशी सगळा पत्रव्यवहार त्यांचा. सोलापूरच्या पूर्वभागातल्या विणकर घरातले, घरी तेलुगू. वडील हातमागावर बसायचे, अण्णा टाइपरायटरवर बसले, मग टेलेक्स, मग फॅक्स, मग कॉम्प्युटर. साठी जवळ आली होती, पण इंग्रजी असं लिहायचे की वाचणाऱ्यानं उभं राहून वाचावं. मी नोकरीला लागले तेव्हापासून आम्ही दुपारी एकत्र जेवायचो. माझ्या डब्यातली शेंगाचटणी त्यांना लागायचीच. डॉक्टरनं तिखट बंद केलं होतं, म्हणून घरनं मिळत नव्हती.

नोटीस लागली त्या दुपारी अण्णा डबा घेऊन आलेच नाहीत. मी त्यांच्या टेबलाशी गेले तर मान खाली घालून म्हणाले, "जेवण झालं, बाई."

"खोटं."

"व्हय, खोटं. पेटीत टाका आता हे पण." आमच्या ऑफिसात त्या साठ्याला सगळे पेटी म्हणायला लागले होते. "सगळं आयुष्य हितं गेलं. एका पत्रात कधी खोटा शब्द लिहिला नाही. आणि आता माझ्या पत्रांच्या नकला ठेवायला लागल्या की तुमी. चोर ठरवलंत मला."

"तुम्हाला एकट्याला नाही हो, सगळ्यांना."

"मग सगळे चोर. लई चांगलं केलं."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मीच भांडून नोटीस लावायला लावली, आणि हा माणूस माझ्यावरच रुसला! मी पण मग महिना-दीड महिना बोलले नाही. चटणी उरायची ती डब्यात घरी परत न्यायची. जुळे सोलापूरला पोचेपर्यंत स्कूटीवर मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत असायची. घरी गेल्यावर मुलगी विचारायची, "आई, तू कुणाशी बोलतेस?"

असं चाललेलं असताना ते प्रकरण घडलं.

युरोपातल्या एका गिऱ्हाइकानं मोठी ऑर्डर द्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, नवीन भाव मान्य असल्याचं ठराविक तारखेच्या आत लेखी कळवायचं. अण्णांनी कळवलं. मालकांनी सूत भरलं, अर्धे माग त्या मालावर लावले. आणि तीन आठवडे होतात न होतात तोच गिऱ्हाइकाचा मेल आला, तुमचं उत्तर मुदतीनंतर आलं, म्हणून ऑर्डर रद्द समजावी. सोबत आमच्याच मेलचा फोटो जोडलेला. वर अण्णांचं नाव आणि तारीख मुदतीच्या दुसऱ्या दिवसाची. तिकडं भाव पडले होते आणि त्यांना निमित्त हवं होतं, हे आम्हाला कळत होतं. पण तारीख तर तारीख.

धाकट्या मालकांनी सगळ्यांसमोर अण्णांना विचारलं, "मी तुम्हाला शेवटच्या दिवशी आठवण केली होती की नाही?"

"केली होती."

"मग पाठवला का नाहीत?"

"पाठवला होता. त्याच दिवशी."

धाकट्या मालकांनी अण्णांच्याच मशीनवर पाठवलेले मेल उघडले. तिथंही तारीख दुसऱ्या दिवसाचीच. अण्णा स्क्रीनकडं बघत राहिले. धाकटे मालक म्हणाले, "वय झालं की माणसानं थांबावं. आपण उद्या बोलू." याचा अर्थ न कळायला तिथं कुणी लहान नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांना घरी बसवणार, तेही चुकार आणि वर खोटारडा म्हणून.

मी माझ्या खोलीत आले. रुसवा वगैरे सगळं विसरले. मेलमधला मजकूर मला एकटीला वाचता येत नव्हता, पण सर्व्हरवरून कोणता मेल किती वाजता निघाला आणि समोरच्या सर्व्हरनं तो कधी घेतला, एवढं मला दिसतं. मी शोधलं. अण्णांचा मेल मुदतीच्या दिवशीच दुपारी निघाला होता, आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरनं तो लगेच घेतल्याची पोच दिली होती. मी खुर्चीतून उठलेच. अण्णा खरं बोलत होते!

मग मेलवर उद्याची तारीख कशी? मेलवरची तारीख ही लिहिणाऱ्याच्या मशीनच्या घड्याळातून येते. सर्व्हरची वेळ वेगळी, ती कुणाच्या हातात नाही. म्हणजे त्या दिवशी अण्णांच्या मशीनचं घड्याळ एक दिवस पुढं होतं. अण्णा चहाला गेले होते तेव्हा मी त्यांच्या मशीनवर बसले. घड्याळ कधी फिरवलं गेलं याची नोंद मशीन आपलं आपण ठेवतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. बघते तर काय, घड्याळ त्या दुपारी पुढं केलेलं आणि तासाभरात परत मागं आणलेलं. त्याच्या आधीच्या महिन्यात तसंच. त्याच्याही आधी तसंच. मी चक्रावले. मान वर केली तर समोर भिंतीवर अण्णांचं कॅलेंडर. ज्या ज्या दिवशी घड्याळ फिरलं होतं, त्या त्या तारखेच्या चौकोनात काळा गोल. अमावास्या.

आमच्या कारखान्यात अमावास्येला नवा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, मागावर चढवत नाहीत. संध्याकाळी मागांपुढं नारळ फुटतो, लिंबू-मिरची बदलतात. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. पण मेलला पण अमावास्या लागते, हे मला कधी सुचलं नसतं.

गेटबाहेर चहाच्या टपरीवर अण्णा एकटेच उभे होते. हातातला चहा गार झालेला. मी सरळ विचारलं, "अण्णा, अमावास्येला तारीख फिरवता काय हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाले, "आईनं घातलेली शपथ आहे, बाई. नवा सौदा त्या दिवशी करायचा नाही. तिच्या देखत बापाचा एक सौदा बुडाला होता. ती गेली, पण मंडळी अजून दर अमावास्येला जेवताना विचारते, आज नवीन काय केलं नाही ना? मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. आणि हितं काम तर थांबवता येत नाही की. मग तारीख पुढं करायची, मेल धाडायचा, तारीख मागं आणायची. सौदा उद्याच्या तारखेचा झाला. मुदतीचं ह्या वेळी ध्यानातच आलं नाही."

"अहो, मग एक दिवस मागं करायचं घड्याळ! मुदत तरी सांभाळली असती."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच काहीतरी पाप बोलले. "मागची तारीख? बॅक डेट? मी? नोकरीत कधी टाकली नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं. काय करावं ह्या माणसाचं! मी म्हणाले, "चला केबिनमध्ये. पेटी उघडू. तुम्ही वेळेत पाठवल्याचा पुरावा आहे."

"नको."

"नको काय?"

"घड्याळाचं विचारतील. ते पोरगं हसेल. सगळं ऑफिस हसेल. नोकरी गेली तर जाऊ दे, बाई. जाताना हसू करून घ्यायचं नाही मला."

"आणि अर्धे माग लागलेत त्याचं काय? घड्याळाचं विचारलं तर मी सांगते मशीनची बॅटरी गेली होती. बॅटरी गेली की घड्याळ बिघडतं, हे शाळेतल्या पोरालाही पटतं. चला."

त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

केबिनमध्ये मालक आणि धाकटे मालक दोघंही होते. मालकांनी त्यांचा पासवर्ड घातला, मी माझा. पेटी पहिल्यांदाच उघडली. अण्णांचा मेल समोर आला, शब्द न् शब्द तोच, आणि त्यावर सर्व्हरची वेळ आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरची पोच. मुदतीच्या आत. मालकांनी खुर्चीत मान मागं टेकली. धाकटे मालक दोनदा वाचून म्हणाले, "मग ह्याच्यावर उद्याची तारीख कशी?"

"मशीनची बॅटरी," मी म्हणाले.

"बॅटरी? एवढी ऑर्डर एका बॅटरीपायी जाणार होती? मशीन बघायचं काम कुणाचं आहे, मॅडम? नोटिशी लावायला येतात, भांडायला येतं, आणि साधं घड्याळ तपासता येत नाही? मग हवा कशाला हा विभाग?"

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. आयुष्यात फार कमी वेळा असं झालंय. बोलले असते तर अण्णा उघडे पडले असते. कान तापले होते माझे.

"बॅटरी नाही," मागून अण्णा म्हणाले. "बाईंचा काही दोष नाही. घड्याळ मी फिरवलं. अमावास्या होती."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आई, शपथ, जेवताना विचारणारी बायको. एक शब्द गाळला नाही. उभ्या उभ्या, हात मागं बांधून, शाळेत सांगावं तसं. धाकटे मालक खरंच हसले. मोठ्यानं. अण्णांना जे नको होतं तेच झालं. दाराबाहेरच्या टेबलांवर ते हसू ऐकू गेलं असणार. अण्णांनी मालकांना नमस्कार केला आणि ते बाहेर गेले.

मालक मुलाकडं बघून एवढंच म्हणाले, "बिडरी." म्हणजे सोडा आता. पण ज्या आवाजात म्हणाले, त्यानं धाकटे मालक गप्पकन बसले.

पुरावा गिऱ्हाइकाला गेला. थोडी कुरकुर करून त्यांनी ऑर्डर मान्य केली, स्वतःच्याच सर्व्हरची पोच कशी नाकारणार? सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अण्णा मात्र कुणाशी बोलत नव्हते. ऑफिसात दोघंतिघं जाता-येता कॅलेंडरकडं बघून खुसखुसत होते. एकाला मी चांगलंच झापलं, पण किती जणांना झापणार?

त्याच आठवड्यात मालकांनी मला परत बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. स्क्रीनवर अण्णांचा मेल होता. राजीनामा. चार ओळी, सुरेख इंग्रजी, कुणाविषयी तक्रार नाही.

"मॅडम, हा मेल मला आलाच नाही, असं करता येतं काय?"

"तुमच्या मशीनवरून काढून टाका की. पण पेटीत राहणार."

"पेटीतनं काढता नाही येत?"

"नाही. कुणालाच नाही. मलाबी नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

ते खुर्चीत मागं रेलले. मग हसले. "माझाच नियम माझ्याच गळ्यात आला की." त्यांनी राजीनामा आपल्या मशीनवरून पुसला. मग चष्मा सारखा करून, एका बोटानं, अक्षर शोधत शोधत काहीतरी टाइप करायला लागले. मला म्हणाले, "तुम्ही जावा."

मी बाहेर आले तर अण्णा माझ्या खोलीच्या दाराशी उभे. कित्येक दिवसांनी तिथं आले होते.

"बाई, माझा एक मेल गेलाय मालकांना. पोचला का बघता?"

मी बघितलं. खोटं बोलायची सोयच नव्हती. "पोचला."

"वाचला का?"

"ते सर्व्हरला कळत नाही, अण्णा."

"उत्तर नाही आलं. उद्या यायचं का नाही, ते तरी कळायला पाहिजे की." आवाज बारीक झाला होता त्यांचा. सगळं आयुष्य ज्या टेबलावर काढलं, तिथं उद्या बसायचं की नाही, हे विचारायला ते माझ्या दारात आले होते.

"जाऊन बघा तरी तुमच्या मशीनवर," मी म्हणाले आणि त्यांच्याबरोबर गेले.

मालकांचा मेल येऊन पडला होता. राजीनाम्याचा त्यात शब्द नाही. अण्णांनी तो वाचला, परत वाचला, आणि बाजूला सरकून मला वाचायला दिला. लिहिलं होतं, पुढच्या आठवड्यात अमावास्या आहे, तेव्हा नव्या गिऱ्हाइकांचे सगळे भाव त्याच्या आधी कळवून टाका.

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"बाई, ह्याची नक्कल राहते ना पेटीत?"

"राहते की."

"कुणाला पुसता नाही ना येत?"

"नाही, अण्णा. कुणालाच नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून पहिल्या गिऱ्हाइकाला लिहायला बसले.